फासा, सोंगटी, पान

पत्त्यांचा डाव रंगात आला की मराठी माणूस नकळत अरबी-फारसी बोलू लागतो. हुकूम कोणता, असे तो विचारतो. हुकूम शब्द अरबी. हातात गुलाम आला म्हणून तो खूश होतो, गुलामही अरबीच. लाल पानाला तो बदाम म्हणतो, बदाम फारसी. शेजारी बुद्धिबळाचा पट मांडलेला असेल तर तिथे वजीर आहे, प्यादे आहे, शह आहे आणि मातही आहे. फासा मात्र संस्कृत पाशकातून आला, सोंगटी आणि चौकट आपल्या मातीतल्या, आणि किलवर हा तर डच खलाशांच्या ‘क्लावर’चा मराठी अवतार. एका सतरंजीवर बसलेली चार माणसे एका दुपारात इतक्या भाषा बोलतात आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो. सतरंजीवर असा मेळ सहज जमतो. इतिहासाच्या पुस्तकात मात्र तो जमवताना आपल्याला भांडावे लागते.

आम्हाला इथे बोलायचे आहे ते खेळ खेळण्याबद्दल नव्हे, खेळ रचण्याबद्दल. फासा, सोंगटी आणि पान ही तीन साधने माणसाने निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या देशांत घडवली. ती एका पटावर आणायची असतील तर रचणाऱ्याला काही प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात. नशिबाला किती जागा द्यायची? कर्तबगारीला किती? हरणाऱ्याचे काय करायचे? जिंकणाऱ्याला काय द्यायचे, आणि ते कुणाच्या खिशातून? म्हणजे खेळ रचणारा माणूस, त्याला कळो न कळो, न्यायाची एक कल्पनाच मांडत असतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात बसून हा इतिहास वाचताना तर ही गोष्ट फारच टोचते. का, ते पुढे येईल.

आधी घरातल्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. खेळाचा विषय निघाला की आपल्या घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यांच्या आठ्यांना आधार आहे. कुरआनने मैसिर म्हणजे जुगार निषिद्ध ठरवला आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून त्याच्या मांसाचे वाटे बाण काढून ठरवत. ज्याचा बाण निघेल त्याला वाटा, ज्याचा निघणार नाही त्याच्यावर उंटाच्या किमतीचा भार. सूरह बकराच्या 219 व्या आयतीत मद्य आणि जुगार यांच्यात माणसांसाठी काही लाभ असल्याचे मान्य केले आहे, पण त्यातले पाप लाभापेक्षा मोठे आहे असा निवाडा दिला आहे. सूरह माइदाच्या 90 आणि 91 या आयतींत बंदीबरोबर तिचे कारणही आले आहे: यातून माणसामाणसांत वैर आणि द्वेष पेरला जातो, आणि अल्लाहची आठवण व नमाज सुटते. नर्द या फाशांच्या खेळाबद्दल हदीसमध्ये सक्त शब्द आहेत. बुद्धिबळाबद्दल मात्र फिकहच्या विद्वानांत मतभेद राहिले. इमाम शाफई यांच्या परंपरेत पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर तो हराम नव्हे, मकरूह मानला गेला. ही चर्चा आपल्याला जुनाट वाटण्याचे कारण नाही. मैसिरवरच्या आक्षेपाचे मूळ असे आहे की कष्ट न करता एकाचे जाते, म्हणूनच दुसऱ्याला मिळते. खेळाची पारख करायला यापेक्षा चांगली कसोटी कुठून आणणार?

ही कसोटी हाती धरून अरबी विद्वानांनी खेळांवर बराच विचार केला. दहाव्या शतकातला इतिहासकार मसऊदी याने एक मार्मिक तुलना नोंदवून ठेवली आहे. बुद्धिबळ रचणारा माणूस मुअतझिली असला पाहिजे, कारण माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे असे तो पंथ मानतो आणि या खेळात खेळाडूच्या अकलेवर सारे अवलंबून असते. नर्द रचणारा मात्र दैववादी; फाशापुढे कुणाचे काही चालत नाही, हेच त्याला दाखवायचे होते. तकदीर आणि तदबीर यांचा हजार वर्षांचा वाद इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी मांडला असेल. पत्ते मसऊदीने पाहिले नव्हते. पाहिले असते तर त्यांना त्याने या दोन्हींच्या मधे बसवले असते, असे आम्हाला वाटते. वाटणीत कोणती पाने येतात ते आपल्या हातात नाही. कोणते पान केव्हा टाकायचे ते मात्र आपल्याच हातात आहे. तिन्ही साधने एकत्र आणली की माणसाच्या आयुष्याचा जवळजवळ पुरता नमुना तयार होतो. फासा म्हणजे वरून पडणारे दान. सोंगटी म्हणजे आपण, घर गाठण्यासाठी निघालेले. पान म्हणजे आपल्याजवळची झाकली मूठ.

हिंदुस्थानात या साधनांचा मोठा संग्रह आणि त्यांवर नवी रचना झाल्याची सविस्तर नोंद अकबराच्या दरबारातली आहे. त्याआधी 1527 मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचे त्याच्या आत्मचरित्रात आले आहे. शाह हसनला या खेळाची फार आवड होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त खेळांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात चौपट, चंदल-मंडल आणि गंजिफा हे तिन्ही एकाशेजारी एक आले आहेत. चौपट आपल्याकडे सारीपाट म्हणून ओळखला जातो: 16 सोंगट्या, तीन लांबट फासे आणि फुलीच्या आकाराचा पट. चंदल-मंडल ही त्याचीच फुगवलेली आवृत्ती. मध्यबिंदूभोवती गोलाकार मांडलेल्या 16 पट्ट्या, प्रत्येक पट्टीत 24 घरे, म्हणजे एकूण 384 घरे. खेळाडू 16, प्रत्येकाच्या सोंगट्या चार, म्हणून सोंगट्या 64. फासे चार आणि त्यांच्यावर 1, 2, 10 आणि 12 असे ठिपके.

चौपटाचे डाव बादशाहाकडे महिनोन्महिने चालत. दोनशेहून अधिक माणसे त्यात भाग घेत आणि सोळा डाव पुरे झाल्याशिवाय कुणाला घरी जायची मुभा नसे. अबुल फजलचे म्हणणे असे की वरवर पाहता हा नुसता खेळ, पण बादशाह त्यातून माणसांची पारख करतो आणि त्यांच्यात आपसांत सद्भाव वाढवतो. दरबारी इतिहासकार धन्याची बाजू मांडणारच, तेवढा भाग वजा करू. तरीही पटावर माणूस ओळखता येतो, ही गोष्ट खरीच आहे. चंदल-मंडलचा हिशेब मात्र वेगळे काही सांगतो. ज्याच्या सोंगट्या सर्वांत आधी बाहेर पडतील त्याला उरलेल्या पंधरा जणांनी ठरलेली रक्कम द्यायची, दुसऱ्याला चौदा जणांनी, तिसऱ्याला तेरा जणांनी. शेवटी जो उरेल त्याने सगळ्यांना दिलेले असते आणि त्याला कुणीच काही दिलेले नसते. मैसिरची कसोटी लावली तर हा खेळ तिथेच नापास होतो.

त्याच प्रकरणातली गंजिफाची हकिकत आम्हाला जास्त मोलाची वाटते. जुन्या गंजिफात बारा रंग होते आणि प्रत्येकावर कुणी ना कुणी राजा होता: घोड्यांचा अश्वपती, हत्तींचा गजपती, किल्ल्यांचा गढपती. अकबराने त्यात फेरबदल केले. धनपतीच्या रंगात बादशाह पैसे वाटतो आहे, वजीर खजिना तपासतो आहे, आणि खालच्या दहा पानांवर जवाहिरी, धातू वितळवणारा, वजन करणारा, नाणी पाडणारा, मोहरा मोजणारा असे टांकसाळीतले कामकरी आहेत. बरात म्हणजे सनदा-फर्माने यांच्या रंगात कागद बनवणारा आहे, फर्मान लिहिणारा आहे, पुस्तकाची बांधणी करणारा आहे, रंगरेज आहे. राजे-महाराजांच्या खेळात कारागिरांना पान मिळाले! आपल्या गावागावांत आजही कागजी आणि रंगरेज आडनावाची घरे आहेत. इतिहासात आपले पूर्वज कुठे होते, असे त्या घरातल्या मुलांनी विचारले तर त्यांना हे पान दाखवता येईल. ते सिंहासनावर नव्हते. राज्य ज्या कागदावर चालत होते तो कागद ते करत होते.

पुढे गंजिफा दरबारातून खाली उतरला आणि महाराष्ट्रात त्याने मराठी पोशाख केला. मोगली गंजिफात आठ रंग आणि 96 पाने: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. गुलाम हा तिथे अख्खा रंगच होता. आजच्या पत्त्यांत तो राजा-राणीखालचे पान होऊन राहिला आहे. सावंतवाडीच्या चितारींनी दशावतारी गंजिफा रंगवला. त्यात दहा रंग, दहा अवतार आणि 120 पाने. पाने गोल, वर लाखेचा लेप, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा. मत्स्य आणि कूर्म यांच्या रंगातही दुय्यम पान वजीरच! नाव फारसी, देव हिंदू, हात कोकणी चितारीचा. हा खेळ कुणाचा, असे विचारणाऱ्याला कोणते उत्तर द्यावे? विसाव्या शतकात ही कला मरणपंथाला लागली तेव्हा सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने ती पुन्हा उभी केली, याचीही कृतज्ञ नोंद केली पाहिजे.

सापशिडीचीही अशीच कथा आहे. मराठी परंपरेत मोक्षपटाचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडले जाते. जैनांचे स्वतःचे पट होते, आणि सूफींनीही आपला पट तयार केला. त्याची घरे फारसी लिपीत लिहिलेली, वाट नफ्सच्या खोड्यांमधून जाणारी आणि मुक्काम थेट अर्शापाशी. पट एकच, शिड्या प्रत्येकाच्या श्रद्धेच्या. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे खेळ गेले, तेव्हा सापशिडीतून मोक्ष गळाला आणि पचिसीतून 1896 मध्ये ल्यूडो झाली. ती तिकडून कारखान्यात छापून आपल्याच बाजारात परत आली. आपण ती विकत घेतली आणि आपला सारीपाट माळ्यावर टाकला.

फासा, सोंगटी आणि पान यांची आज घरोघर दिसणारी जोडणी झाली ती अमेरिकेत. तिची कर्ती होती लिझी मॅगी नावाची एक स्टेनोग्राफर. 1904 च्या जानेवारीत तिला ‘लँडलॉर्ड्स गेम’ म्हणजे जमीनदाराच्या खेळाचे पेटंट मिळाले. हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाचे विचार तिला पटले होते. 1879 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात त्याने विचारले होते की देशाची संपत्ती वाढते तशी गरिबीही का वाढते? त्याचे उत्तर असे: जमीन कुणी निर्माण केलेली नाही, तरी तिच्या मालकाला नुसते बसून खंड मिळतो, म्हणून कर बसवायचा तर श्रमावर न बसवता जमिनीच्या या फुकट उत्पन्नावर बसवावा. लोक जाड ग्रंथ वाचत नाहीत, पण खेळतात, हे मॅगीने ओळखले. तिच्या पटाच्या कोपऱ्यात धरतीमातेचे घर होते आणि तिथून जाणाऱ्याला श्रमाची मजुरी मिळे. बाकीच्या घरांवर जमिनी आणि त्यांचा खंड. फासे टाकत, सोंगट्या सरकवत, मालकीच्या चिठ्ठ्या जमवत खेळाडू फिरू लागले की थोड्याच वेळात एकाच्या हाती सारी जमीन येते आणि बाकीचे कंगाल होतात. हे अन्यायाचे आहे, हे लोकांच्या ध्यानात यावे एवढाच तिचा हेतू होता. मक्तेदारी मोडून समृद्धी सर्वांना वाटून देणारे वेगळे नियमही तिने केले होते.

झाले उलटेच. खेळ हातोहाती पसरत गेला. 1935 मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो चार्ल्स डॅरो नावाच्या माणसाकडून विकत घेतला आणि ‘मोनॉपॉली’ म्हणून बाजारात आणला. ‘चान्स’ची 16 आणि ‘कम्युनिटी चेस्ट’ची 16 पाने त्या पेटीत आली. मॅगीचे पेटंट कंपनीने 500 डॉलरला घेतले. विक्रीतला हिस्सा तिला मिळाला नाही. समृद्धी वाटण्याचे नियम पेटीतून गेले आणि दुसऱ्याला भिकेला लावणे एवढेच शिल्लक राहिले. तोच खेळ शहरांची नावे बदलून ‘व्यापार’ या नावाने मराठी घरांत आला. मुले आनंदाने एकमेकांचे दिवाळे काढू लागली आणि आपल्याला त्यात काही गैर वाटले नाही. इशारा म्हणून काढलेले चित्र आपण आदर्श म्हणून भिंतीवर लावले.

आता वर्ध्याकडे येऊ. हेन्री जॉर्जचा एक मोठा चाहता रशियात होता, लिओ टॉलस्टॉय. 1899 मधल्या ‘रिझरेक्शन’ या त्याच्या कादंबरीचा नायक आपल्या शेतकऱ्यांना जॉर्जची योजना समजावून सांगतो. टॉलस्टॉयशी गांधीजींचा 1909 आणि 1910 मध्ये पत्रव्यवहार झाला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतीला त्यांनी त्याचेच नाव दिले. 1936 मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. पुढे त्याचे सेवाग्राम झाले. 1921 पासून वर्ध्याचा आश्रम चालवणारे विनोबा 1938 मध्ये पवनारला गेले होते. त्याच विनोबांना 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले दान मिळाले आणि भूदान सुरू झाले. जॉर्ज कर मागत होता, विनोबा दान मागत होते. दोघांच्या वाटा वेगळ्या. पण जमीन ही ईश्वराची, हवा-पाण्यासारखी, हा पाया एकच. कुरआनचा अनेक वर्षे अभ्यास करून 1962 मध्ये त्याचे सार प्रसिद्ध करणाऱ्या विनोबांना हा पाया आपल्या ग्रंथातही दिसला असणार. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या, असे ते जमीनदाराला सांगत. भूदानातली पुष्कळ जमीन पडीक किंवा वादग्रस्त निघाली आणि ठरवलेले पाच कोटी एकर कधी जमलेच नाहीत, हेही खरे. तरीही 1935 च्या पेटीतून गळालेला नियम एक म्हातारा पायी चालत पुन्हा मागत होता, असेच आम्हाला हा इतिहास वाचताना वाटते.

वर्धा जिल्ह्याला ‘एकाधिकार’ हा शब्दही नवा नाही. 1972 मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. या मक्तेदारीत सरकार एकटेच खरेदीदार होते आणि शेतकऱ्याला हमीभाव मिळावा हा हेतू होता. योजनेत उशीर, तोटा, राजकारण सारे आले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ती संपली. 2006 च्या जुलैत पंतप्रधानांनी शेतकरी-आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात वर्धाही होता. कोरडवाहू कपाशीचा शेतकरी दर मृगाला फासा टाकतो. दान पडले तर पीक. नाही पडले तर सावकाराच्या घरात सोंगटी अडकते. आणि भावाचे पान नेहमी दुसऱ्याच्या हातात असते.

मग वर्ध्यात नवा खेळ का रचू नये? 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी याच शहरात भरलेल्या शिक्षण परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि हाताने काही घडवत शिकण्याची वर्धा योजना पुढे आली. मुस्लिम लीगच्या 1938 च्या पीरपूर अहवालाने तिच्यावर टीका केली. त्या राजकारणाच्या गदारोळात, योजनेचा आराखडा जामिआ मिल्लियाच्या एका मुसलमान शिक्षणतज्ज्ञाने केला आहे, ही गोष्ट आपलेच लोक विसरले. खेळ विकत आणण्यापेक्षा तो मुलांनी घडवावा, यासारखी नई तालीम दुसरी कोणती?

आमच्या मनात आहे तो पट असा. खादीच्या एका तुकड्यावर गावातल्या शेतांची घरे आखावीत. निम्मी कोरडवाहू, निम्मी ओलिताची. फाशाऐवजी फोडलेले चिंचोके घ्यावेत. ज्या घराला तेही नको वाटतील, त्याने चिठ्ठी उचलावी. ते दान म्हणजे पाऊस. सोंगटी म्हणजे एक कुटुंब. पाने जुन्या लग्नपत्रिका कापून करावीत आणि त्यांवर अकबराच्या गंजिफासारखी कामकऱ्यांची चित्रे असावीत: पिंजारी, विणकर, सरकी काढणारा, हमाल, कापूस वेचणारी बाई. ज्याच्या हाती जे पान, त्याचे कसब त्याला अडलेल्यासाठी वापरता यावे. आणि हिशेबाला आपल्याकडचाच नियम लावावा. फिकहमध्ये पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा भाग उश्र म्हणून निघतो. स्वतः पाणी देऊन पिकवले असेल तर विसावा. जे वरून मिळाले त्यातले जास्त द्यायचे, जे घाम गाळून मिळवले त्यातले कमी. तकदीर आणि तदबीर यांची इतकी नेमकी वजाबाकी मॅगीच्या पटावरही नव्हती. कुणाचेही कुटुंब पटाबाहेर पडले तर सगळ्यांचा डाव संपला, असे धरावे.

हा खेळ रंगेल की कंटाळवाणा होईल, ते खेळून पाहिल्याशिवाय कळायचे नाही. सगळे जिंकतात अशा खेळात गंमत काय, असे एखादे पोर नक्कीच विचारील. त्याला दटावू नये. तूच एखादा नियम सुचव म्हणावे, आणि त्या नियमाने सर्वांत मागे राहिलेल्याचे काय होते ते त्याच्याकडूनच मोजून घ्यावे. मोहल्ल्यातली आणि वेटाळातली पोरे एका खादीच्या तुकड्याभोवती बसून असे मोजू लागली, तर अबुल फजलने बादशाहाच्या तोंडावर केलेली स्तुती निदान त्यांच्या बाबतीत तरी खरी ठरेल.